पारोची माणसं कुठे आहेत?

नितीन चंद्रकांत देसाई यांचा 'अजिंठा' हा मराठी चित्रपट 2012 च्या मे महिन्यात आला. त्याआधी ती ना. धों. महानोरांची दीर्घ कविता होती. कवितेच्याही आधी ती अजिंठा गावात सांगितली जाणारी गोष्ट होती: लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आलेला इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल आणि डोंगरातली पारो यांची. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण खानदेशाला ती कधी परकी वाटली नाहीत. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर खाली जळगाव जिल्ह्यात उतरते आणि तापीला मिळते. रेल्वेने येणारा पाहुणा जळगावला नाहीतर भुसावळला उतरतो. महानोर पळसखेड्याचे, पण त्यांची शाळा शेंदुर्णीची आणि कॉलेज जळगावचं. त्यामुळे या चित्रपटावर आमच्याकडे वाद होतो तो घरातल्या माणसावर व्हावा तसा, जिव्हाळ्याने आणि थोडा जास्तच परखडपणे.

2 ऑगस्ट 2023 ला नितीन देसाई गेले आणि दुसऱ्याच दिवशी, 3 ऑगस्टला, महानोर गेले. चित्रपटाचे दोन्ही कर्ते चोवीस तासांच्या अंतराने गेल्यावर काही काळ त्याच्या उणिवांबद्दल बोलणंही जड जात होतं. आता बोलायला हवं. कलाकृतीबद्दल खरं बोलणं हाही तिच्या कर्त्यांचा मान असतो, असं मला वाटतं.

बोलणारे दोघं आहेत. मामा धुळ्याचे. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद वाचत बसतात. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांचं दप्तर सांभाळण्यासाठी पुढच्या वर्षी हे मंडळ उभं राहिलं. 'आधी कागद दाखवा' हा धुळेकर अभ्यासकांचा बाणा तिथून आलेला. भाची जळगावची, शाळेत चित्रकला शिकवते आणि वर्गातल्या मुलांना लेणी दाखवायला नेते. तिला हा चित्रपट आवडतो. मामांना आवडत नाही. निदान सुरुवातीला तरी वाद एवढाच होता.

मामा : तू मला एक सांग माय, या प्रेमकथेला पुरावा काय? अजिंठा गावात एक थडगं आहे. त्यावरच्या इंग्रजी ओळीत गिलने पारोला आपली लाडकी म्हटलंय आणि ती 23 मे 1856 ला वारल्याची नोंद केलीय. संपलं. ती कोण होती, कुणाची मुलगी होती, किती वर्षांची होती, गिलबरोबर कशी राहिली, काही नाही. कॉलऱ्याने गेली म्हणतात, तेही ऐकीव. एवढ्यावर तुम्ही अख्खा चित्रपट उभा करता?

भाची : कवीला एवढं पुरतं, मामा. 'मुगल-ए-आझम' घ्या. अनारकलीला तर धड पुरावाही नाही, आणि 1960 पासून लोक तो चित्रपट बघतायत. इथे निदान दगडावर नाव आहे, तारीख आहे. कंपनी सरकारचा एक फौजी अधिकारी 1856 साली गावातल्या बाईसाठी दगड कोरून घेतो आणि त्यावर आपल्या मायेचा शब्द लिहून ठेवतो, चारचौघांना दिसेल असा. त्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरात इथल्या बायका असायच्या, पण त्यांची नावं कागदावर येत नसत. तुम्हीच शिकवलंय हे. मग या दगडाचं मोल तुम्हाला कमी का वाटतं?

मामा : दगडाचं मोल कमी नाही. उलट तो इतका मोठा आहे की त्याच्यापुढे चित्रपट लहान वाटतो. आणि माझी तक्रार कल्पना लढवली अशी नाहीच मुळी. कागद जिथे संपतो तिथे कल्पनाच लागते, हे मला कळतं. माझी तक्रार अशी की कल्पना पुरेशी लढवलीच नाही. पारो सुंदर आहे, निरागस आहे, रानातली आहे, पावसात भिजते, साहेबावर जीव लावते. बरं, पुढे? ती सकाळी उठून काय करते? तिची आई कुठे आहे? घरात कोण आहे? साहेबाकडे ती जायला लागली तेव्हा तिच्या भावाने काय म्हटलं, आणि म्हटलं ते एकदाच म्हटलं की रोज?

इथे भाची गप्प राहील असं मला वाटलं होतं. ती राहिली नाही, पण तिने थेट उत्तरही दिलं नाही. तिला आधी चित्रपटाची बाजू पूर्ण मांडायची होती, आणि ती मांडण्यासारखी आहे.

भाची : चित्रपटात काय चांगलं आहे ते तर ऐकून घ्या. पहिली गाणी. महानोरांचे शब्द, कौशल इनामदारांचं संगीत. पावसाचं ते गाणं आजही जूनमध्ये कुठेतरी लागतंच. ज्या डोंगरावर महानोरांनी शेती केली, त्याच डोंगराचा पाऊस आहे तो. बाहेरच्या माणसाला असा लिहिता आला नसता. दुसरं, देसाईंची नजर. 'हम दिल दे चुके सनम', 'लगान', 'देवदास' यांचं कलादिग्दर्शन करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला माणूस आहे हा. खऱ्या लेण्यांत दिवे लावून, माणसं नाचवून चित्रीकरण करता येत नाही, करू देऊही नये. म्हणून त्यांनी कर्जतच्या स्टुडिओत लेणी उभी केली. मी चित्रं शिकवते, मला माहीत आहे तो गेरू, तो हिरवा, तो काळा पकडणं किती कठीण आहे. आणि पारो झालेली सोनाली कुलकर्णी. तिच्या उभं राहण्यात, मान वळवण्यात लेण्यातल्या बाया दिसतात. ते सहज येत नाही, त्यामागे कष्ट आहेत.

मामा : सेट चांगला आहे, पण फार चांगला आहे. गिल 1840 च्या दशकात आला तेव्हा त्या लेण्यांची काय दशा होती? जॉन स्मिथने 1819 मध्ये लेणी पाहिली त्याला पंचवीस वर्षं झाली होती. आत वटवाघळं, भिंतींना ओल, चुलींची काजळी, बाहेर आग्यामोहोळं. चित्रांचे पोपडे निघत होते. हौशी साहेब लोक आठवण म्हणून तुकडे काढून नेत होते. म्हणून तर प्राचीन वास्तूंचा अभ्यासक फर्ग्युसन याने आरडाओरड केली, रॉयल एशियाटिक सोसायटीने कंपनीकडे शब्द टाकला आणि मद्रास फौजेतला हा माणूस नकला करायला इथे पाठवला गेला. त्याने दिवा आणि आरसे घेऊन, आजारपणं काढत काम केलं. ती घाण, तो अंधार मला पडद्यावर बोचला पाहिजे. तो बोचला नाही, तर त्या माणसाला चित्रांचं वेड का लागलं ते कळणार कसं? सगळंच उजळ असेल तर वेडाची गरज काय?

हा मुद्दा मला पटतो. काळाची गोष्ट सांगणाऱ्या आपल्या बहुतेक चित्रपटांचं हेच दुखणं आहे. भूतकाळ आपल्याकडे नेहमी नुकताच धुऊन इस्त्री केलेला असतो. पुढे 'बाजीराव मस्तानी'तही तेच झालं. शनिवारवाड्यातले आरसे लक्षात राहिले आणि काशीबाईंचं दुःख शोधावं लागलं. नितीन देसाई मुळात कलादिग्दर्शक, त्यामुळे दृश्य नटवण्याचा मोह त्यांना अधिक असणार. पण दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसल्यावर कलादिग्दर्शकाला कधी कधी नाही म्हणावं लागतं.

भाची : अंधाराचं मान्य. पण मामा, तुम्ही आई-भावाचं विचारलंत, त्याचं उत्तर मला लेण्यातच सापडलंय. सोळा नंबरच्या लेण्यात जी 'मरणासन्न राजकुमारी' आहे, ती पाहिलीत ना?

मामा : नंदाची बायको. सुंदरी.

भाची : तीच. नंद बुद्धाचा सावत्र भाऊ. भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक घरी आला. त्या बातमीने सुंदरी कोसळली. म्हणजे भिंतीवर आधीच एक शोकांत प्रेमकथा आहे, पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवलेल्या लेण्यात. मी मुलांना तिच्यासमोर बसवते आणि सांगते, फक्त राजकुमारीकडे बघू नका, आजूबाजूला बघा. एकीने तिला मागून सावरलंय. एक वारा घालतेय. एक छातीशी हात नेऊन तिच्याकडे बघतेय. दारात एक म्हातारा आहे. राजकुमारीचा चेहरा तर अर्धा झुकलेला, डोळे जवळजवळ मिटलेले. तिच्या चेहऱ्यावर चित्रकाराने फार काही केलेलंच नाही. दुःख सगळं भोवतीच्या माणसांत आहे. ती माणसं काढून टाकली तर तिथे झोपलेली एक बाई उरेल.

मामा : मग तू माझंच म्हणणं मांडतेयस.

भाची : थोडं मांडतेय. चित्रपट ज्या भिंतींवर भाळला, त्या भिंतींकडून त्याने रंग घेतला, दागिने घेतले, मान वळवणं घेतलं. भोवतीची माणसं घेतली नाहीत. पारोभोवती एखादी सखी आहे. गावही आहे, पण बरंचसं अडसर म्हणून. 'हे चालणार नाही' म्हणायला गाव लागतं, तेवढ्यापुरतं. तिला सावरायला कुणी नाही. तरीही मी चित्रपट सोडणार नाही, मामा. माझ्या वर्गातल्या मुलांना गिलचं नाव या चित्रपटाने कळलं. पुस्तकाने कळलं नसतं.

मामा : नाव कळलं हे खरं. पण नाव कळणं वेगळं आणि माणूस कळणं वेगळं. आता मी तुला तुझ्या महानोरांचंच उदाहरण देतो. 'जैत रे जैत', 1977. गाणी महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची. तिथेही नायिका आदिवासी, तिथेही गाण्यांनी गोष्ट पुढे जाते, तिथेही शेवटी ती मरते. पण चिंधीला बघ. नवरा पटत नाही म्हणून त्याला सोडून येते, बापाशी बोलते, नायक नाग्याला आपण होऊन निवडते, त्याच्या मोहोळाच्या वेडात त्याच्या बरोबरीने उतरते. मोहोळ झाडायला नाग्या चढतो तेव्हा ती खाली उभी आहे आणि तिथेच माशा तिचा जीव घेतात. ती मेली तेव्हा ठाकरवाडीतलं एक माणूस गेलं असं वाटतं. आणि ते काम कुणी केलं? स्मिता पाटीलने. शिरपूरच्या पाटलांची लेक, आपल्या धुळे जिल्ह्याची.

भाची : स्मिताशी तुलना केली तर कुणीही हरेल.

मामा : स्मिताशी नाही, चिंधीशी तुलना करतोय मी. नटीला दोष नाहीच. लिहिलेल्या पात्रात जे नाही ते नटीने आणायचं कुठून? चिंधीला हट्ट आहे. पारोला फक्त ओढ आहे. जिला स्वतःचं काही हवंय आणि ते मिळत नाही, तिची शोकांतिका होते. पारोला साहेब सोडून काय हवं होतं, ते मला चित्रपट संपला तरी कळलं नाही. तिच्या बोलण्यात डोंगरही ऐकू आला नाही.

भाची : गाण्यांत आला.

मामा : गाण्यांत महानोर आले. पारो नाही आली.

हे वाक्य कठोर आहे, पण मला ते या चित्रपटाच्या मर्मावर बोट ठेवणारं वाटतं. दीर्घ कवितेत पारो कवीच्या डोळ्यांनी दिसली तरी चालते, कारण कवितेत पाहणारा कवी सतत हजर असतो, आपण त्याचंच मन वाचत असतो. पडद्यावर कवी नसतो. तिथे बाई स्वतः उभी असते आणि तिला स्वतःचं बोलावं लागतं. कवितेवरून चित्रपट करताना हे अंतर ओलांडायला नवी दृश्यं लिहावी लागतात. 'अजिंठा'मध्ये जिथे दृश्य हवं होतं तिथे अनेकदा गाणं येतं. गाणं गोड असतं, म्हणून त्या क्षणी आपण तक्रार करत नाही. घरी आल्यावर रिकामं वाटतं.

मामांनी मग विषय गिलकडे वळवला, आणि इथे दोघांचं सर्वांत जास्त बिनसलं.

मामा : गिलला बायको होती, मुलं होती. फ्रान्सिस तिचं नाव. पारोच्या दंतकथेत त्या बाईला जागाच नाही. तो पारोला सापडलेला एकटा, हळवा कलावंत होतो. तो शिकारीही होता, पुष्कळ वाघ मारलेला. आणि काळ कोणता? पारो गेली 1856 ला. दोनच वर्षांनी सातपुड्यात भिल्लांनी इंग्रजांशी आंबापाणीची लढाई केली. खाज्या नाईक, भीमा नाईक यांचा तो काळ. डोंगरातली मुलगी आणि कंपनीचा अधिकारी यांच्यात फक्त प्रेम होतं, सत्ता नव्हती, असं कसं म्हणायचं? तिला नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न तरी पडायला हवा.

भाची : प्रश्न पडायला हवा, बरोबर. पण उत्तर आधीच ठरवून टाकू नका. सत्ता होती म्हणून माया नव्हतीच, असं म्हटलं की पारो पुन्हा बिचारी होते. आधी प्रेमकथेने तिला बाहुली केलं, आता इतिहासाने करायचं का? तो साहेब होता हे तिला दिसत नव्हतं असं तुम्हाला वाटतं? तिला सगळं दिसत असेल. दिसूनही ती गेली असेल, तिच्या कारणासाठी. ते कारण मला बघायचंय. तुम्ही म्हणता तो हट्ट, तो इथेच आहे.

मामा : हे मात्र तू नवीन बोललीस.

भाची : आणि गिलचं तिच्यानंतरचं आयुष्य? ती गेल्यावर तो तेवीस वर्षं जगला. इथेच राहिला. भिंतीएवढी मोठमोठी तैलचित्रं करून त्याने लंडनला पाठवली होती. ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि 1866 च्या डिसेंबरात तिथल्या आगीत जळाली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली, कारण ती मांडलेलीच नव्हती. त्यांतली काही आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बाई गेली, चित्रं गेली, वय साठीच्या पुढे. तरी त्याने पुन्हा ब्रश उचलला. कॅमेरा तर आधीच शिकला होता, 1864 मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं निघाली होती. 1879 ला आजारी पडून गेला, भुसावळला पुरलाय. रेल्वेने भुसावळवरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? मला या चित्रपटात ते म्हातारपण सविस्तर हवं होतं. प्रेमात पडलेला गिल कुणीही दाखवेल. सगळं जळून गेल्यावर पुन्हा त्याच भिंतीसमोर बसणारा गिल, तो अवघड.

मामा : आणि तेव्हा कळलं असतं की त्याचं खरं लफडं भिंतीशी होतं.

भाची : दोघींशी होतं, मामा. एकीला निवडायची गरज नाही.

नकलांची पुढची कथाही सुखाची नाही. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून पुन्हा अजिंठ्यात बसले. त्यांच्याही चित्रांपैकी बरीच 1885 मध्ये लंडनला आगीत गेली. चित्रं उठून दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निश फासलं गेलं. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे जागच्या जागी बसवून खूप काही वाचवलं, पण त्यांनी लावलेली लाख काळाने पिवळी पडली. अजिंठ्यावर ज्यांनी ज्यांनी जीव लावला त्यांच्या हातून त्याचं थोडं नुकसानही झालं. गिल आणि पारोच्या गोष्टीला यापेक्षा चांगली पार्श्वभूमी कुठली मिळणार होती? माया आणि इजा एकाच हाताने होते, हे त्या भिंतींवर लिहिलेलं आहे. चित्रपटाला मायेचा भाग दिसला. इजेचा भाग त्याने पुरेसा पाहिला नाही.

माझा निकाल सांगायचा तर तो अर्धा भाचीच्या बाजूचा आहे. 'अजिंठा' जरूर पाहावा. गाण्यांसाठी, रंगांसाठी, आणि मराठीत असा विषय अंगावर घेण्याच्या हिमतीसाठी. आपल्या मातीतल्या गोष्टीवर एवढा जीव आणि पैसा लावणारी माणसं थोडी असतात आणि देसाई-महानोर त्यांतले होते. पण शोकांतिका म्हणून तो उणा आहे, आणि त्याचं कारण मामांनी पहिल्याच दमात सांगितलं होतं. जिच्या मरणाने रडू यावं, तिच्या जगण्याची ओळखच आपल्याला करून दिलेली नाही.

जळगाव-धुळ्यात आज मोबाइलवर, साध्या कॅमेऱ्यावर चित्रपट करणारी पोरं आहेत. अहिराणीत, तावडीत गाणी आणि छोटे चित्रपट निघतात, लाखो लोक ते बघतात. त्यांना माझं सांगणं आहे: पारोचा चित्रपट अजून व्हायचा आहे. त्याला स्टुडिओत लेणी उभारायची गरज नाही, लेण्यांच्या आत जायचीही नाही. पारोच्या घरापासून सुरुवात करा, तिच्या आईपासून, भावापासून, वाघूरच्या पाण्यावर येणाऱ्या बायांपासून. डोंगरपट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा, ती ही गोष्ट कशी सांगतात ते नीट ऐका आणि लिहून घ्या. कॅमेरा त्यानंतर बाहेर काढा.